तोरणमाळच्या उंचीने गांजा ‘कडक’ होतो का? (उंची, अतिनील किरण आणि बियाणं)

शहाद्याचे_मास्तर

गेल्या महिन्यात बारावीची मुलं घेऊन तोरणमाळला गेलो होतो. यशवंत तलावाच्या काठी डबे उघडले आणि एका मुलाने विचारलं, “सर, इथला गांजा कडक असतो म्हणतात, उंचावरचा म्हणून. खरंय का?” बाकीची पोरं हसली, तो हसला नाही. गाडीच्या ड्रायव्हरने त्याला सांगितलं होतं की वर ऊन जवळ असतं, म्हणून झाडाला पावर येते.

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. त्याला म्हणालो, “असं काही नसतं, जेवा आता.” ते उत्तर मला अजून डाचतंय, कारण ते पूर्ण खरं नव्हतं. ड्रायव्हरचंही खरं नव्हतं. या विषयावर माणसं अर्ध्या माहितीवर बोलतात आणि त्या अर्ध्या माहितीवर पोरं पुढे जातात, म्हणून हा धागा काढतोय. झाड कसं वाढवायचं याची चर्चा इथे नको, ती विनंती आधीच.

आधी ऊन ‘जवळ’ असण्याचं. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे. आपण एक किलोमीटर वर चढल्याने काही जवळ जात नाही. फरक पडतो तो डोक्यावरच्या हवेने. हवा विरळ झाली की अतिनील किरण कमी विखुरतात, खाली जास्त पोचतात. दर १००० मीटरला साधारण १० ते १२ टक्के वाढ, असा ढोबळ हिशेब आहे. अतिनीलचे तीन भाग. ‘क’ ओझोन थर आणि हवा पूर्ण अडवतात, ‘ब’ बराचसा ओझोनमध्ये अडतो, ‘अ’ बहुतेक खाली येतो. झाडाला खरा त्रास ‘ब’चा (२८० ते ३१५ नॅनोमीटर), कारण तो पेशीतल्या डीएनएला इजा करतो.

आता आपला हिशेब. तोरणमाळची उंची ११४३ मीटर. खाली तापीकाठचं मैदान दोनशेच्या आतबाहेर, जळगाव २०९. म्हणजे फरक साडेनऊशेच्या आसपास आणि अतिनील साधारण दहा टक्क्यांनी अधिक, तेही आभाळ निरभ्र असेल तर. श्रावण-भाद्रपदात तोरणमाळला गेलेल्यांना माहीत आहे, तिथे दिवसचे दिवस ढग तलावावर बसलेले असतात. त्या दिवसांत खाली शहाद्यात ऊन जास्त लागत असेल.

झाड आणि अतिनील यांचं नातं मात्र खरं आहे. झाडाला पळून सावलीत जाता येत नाही, म्हणून ते स्वतःच्या अंगात संरक्षक रसायनं तयार करतं. त्या रसायनांत भांगेच्या झाडातला (गांजा त्याचाच) टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, येतो का, आणि येत असेल तर किती, एवढाच प्रश्न आहे.

---

तापीकाठ

मास्तर, चांगला विषय. वाचतोय. पण सुरुवातीलाच कायद्याचं लिहून टाका, नाहीतर धागा भलतीकडे जाईल.

---

शहाद्याचे_मास्तर

बरोबर. १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा. गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलांचे शेंडे, चरस म्हणजे राळ, दोन्ही बंदीत. नुसतं पान आणि बी, शेंडे सोबत नसतील तर, गांजाच्या व्याख्येत येत नाही. म्हणून भांग वेगळी मोजतात आणि ती राज्यांच्या नियमांवर चालते. पण झाडाची लागवडच विनापरवाना गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. ‘दोनच झाडं होती बांधावर’ हे कोर्टात चालत नाही.

---

केळीची_लेक

सर, मी रावेरकडची, शेडनेट आणि पॉलीहाऊसमध्ये रोपं करते. तुमच्या हिशेबात एक गोष्ट जोडते.

आमच्याकडे पॉलीहाऊसचा कागद घेताना दुकानदार ‘यूव्ही’ म्हणतो तेव्हा दोन वेगळे कागद असतात. एक यूव्ही स्टॅबिलाइज्ड, म्हणजे कागद उन्हाने लवकर फाटू नये म्हणून त्यात औषध घातलेलं. दुसरा यूव्ही अडवणारा, म्हणजे किरण आतच येऊ देत नाही. काचही ‘ब’ किरण बहुतेक अडवते. या अडवणाऱ्या कागदाखालची रोपं मी रोज हाताळते. पान मऊ, पातळ, कांडी लांब. तेच रोप बाहेर काढून उन्हाची सवय लावायला ठेवलं की आठवड्यात पान जाड, गडद. पहिले दोन दिवस कडा भाजल्यासारख्या होतात, मग झाड सावरतं. हे सगळं अतिनीलचंच असं मी म्हणणार नाही, वारा आणि उष्णताही असते.

तर माझा प्रश्न. ज्या प्रयोगांत ‘अतिनील दिलं आणि टीएचसी वाढला’ असं आलं, त्यात तुलना कशाशी होती? काचेखालच्या झाडाशी असेल तर ती शून्य अतिनीलशी तुलना झाली. उघड्या रानात शून्य कुठेच नसतं, शहाद्यातही नाही आणि तोरणमाळलाही नाही.

---

शहाद्याचे_मास्तर

ताई, नेमकं तिथेच बोट ठेवलंत.

सगळ्यात जास्त सांगितला जाणारा प्रयोग १९८७चा, अमेरिकेतल्या लायडन, टेरामुरा आणि कॉफमन यांचा. हरितगृहात भांगेचीच दोन प्रकारची झाडं ठेवली, एक नशेच्या वाणाची, एक धाग्याच्या, म्हणजे दोर-कापडासाठी लावतात त्या वाणाची. वरून दिव्यांनी अतिनील-ब दिलं. शून्यापासून सुरू करून रोज १३.४ किलोज्यूल प्रति चौरस मीटरपर्यंत. नशेच्या वाणाच्या फुलांत टीएचसी २.५ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर गेला. धाग्याच्या वाणात काहीच झालं नाही. सीबीडी, म्हणजे याच झाडातलं नशा न आणणारं द्रव्य, कुठेच हलला नाही.

२.५चे ३.२ म्हणजे पाऊणपटही वाढ नाही, पाव हिस्सा आणि थोडं वर. आणि ती शून्यापासून भरपूर अतिनीलपर्यंत गेल्यावरची. आता यातला दहावा हिस्सा काढा, कारण तोरणमाळ खालच्यापेक्षा दहा टक्केच पुढे आहे. वाढ सरळ रेषेत होते असं धरलं तरी हाती येतं ०.०७ टक्का. एकाच झाडाच्या वरच्या आणि खालच्या शेंड्यात यापेक्षा जास्त फरक असतो.

पुढचं ऐका. २०२१ साली कॅनडात ग्वेल्फ विद्यापीठाच्या गटाने आजच्या दोन वाणांवर पुन्हा अतिनील-ब देऊन पाहिलं. कॅनाबिनॉइड, म्हणजे टीएचसी-सीबीडीच्या कुळातली द्रव्यं, वाढले नाहीत. मात्रा वाढली तशी पानं करपली, वळली, एका वाणाचं उत्पन्न घटलं. १९८७चा प्रयोग खोटा पडला असं मी म्हणत नाही. वाण वेगळा, दिवे वेगळे, किरणांची लांबी वेगळी. पण ‘अतिनीलने कडक होतं’ असं छातीठोक सांगायला आता जागा उरत नाही.

---

आडवाट_सातपुडा

मास्तर, तुम्ही तोरणमाळच्या उंचीवर हिशेब करून मोकळे झालात. पण जगात ही समजूत उगाच आली का? हिमाचलातलं मलाणा २६०० मीटरच्या वर आहे. हिंदुकुश, नेपाळ, मोरोक्कोचा रिफ, सगळीकडे डोंगरच. आणि २०१९ साली मध्य आशियातल्या पामीरमधल्या जिरझांकल स्मशानभूमीवरचा शोध छापून आला होता. सुमारे २५०० वर्षांपूर्वीची लाकडी धुपाटणी, त्यात तापवलेले दगड, आणि आतल्या काजळीत टीएचसी मोडून उरणारं द्रव्य बऱ्यापैकी. जागा ३००० मीटरच्या आसपास. त्या संशोधकांनी स्वतःच म्हटलंय की उंचावरच्या ताणामुळे तिथली झाडं जास्त जोरदार असू शकतात. मी तर्क लढवत नाहीये, छापलेलं सांगतोय.

---

शहाद्याचे_मास्तर

दादा, मुद्दा वजनदार आहे. पण त्यांनीही ‘असू शकतात’ म्हटलंय, आणि सोबत दुसरी शक्यताही ठेवलीय की माणसांनी निवडून जोरदार झाडंच आणली असतील. थडग्यातली काजळी बघून झाड कडक का होतं ते कळत नाही. एवढंच कळतं की कडक झाड जाळलं गेलं.

डोंगरात उंची एकटी येत नाही. दर किलोमीटरला साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणजे तोरणमाळ आपल्यापेक्षा सहा अंशांनी गार. रात्र थंड, वारा जास्त, माती उथळ. आणि डोंगरात माणसं पिढ्यान्‌पिढ्या तेच बी राखत आलेली. यातलं कोणतं कारण कामाला आलं ते वेगळं काढल्याशिवाय श्रेय अतिनीलला कसं द्यायचं?

अजून एक. सूर्य किती वर चढतो तेही बघा. २२-२३ सप्टेंबरला दुपारी मलाण्यात सूर्य क्षितिजापासून साधारण ५८ अंशांवर, तोरणमाळला ६८ अंशांवर. सूर्य जितका डोक्यावर तितका किरणांचा हवेतला रस्ता आखूड. उंचीने मलाण्याला जे मिळतं त्यातलं बरंचसं अक्षांश काढून घेतो.

---

कुपीतली_मात्रा

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते, धुळ्यात. बियाण्याची बाजू मी मांडते, कारण खरं उत्तर तिथे आहे.

टीएचसी झाडभर नसतो. मादी फुलाभोवतीच्या इवल्या पानांवर देठावर चिकटवलेल्या काचमण्यांसारख्या ग्रंथी असतात, त्यांच्या डोक्यात राळ. भिंगातून तुळशीच्या पानाची खालची बाजू बघा, तिथेही तेलाच्या ग्रंथी चमकताना दिसतील. भांगेच्या ग्रंथीत आधी एक मूळ आम्ल तयार होतं, सीबीजीए. एक विकर (एन्झाइम) त्याला टीएचसीच्या वाटेने नेतं, दुसरं सीबीडीच्या. कोणतं विकर आहे हे आईबापांकडून ठरून येतं. द मायर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली संकर करून दाखवलं की हे वाटप एका जागेवरच्या दोन रूपांसारखं पुढच्या पिढीत उतरतं. नंतर जनुकं वाचली तेव्हा प्रकरण जास्त गुंतागुंतीचं निघालं, पण मूळ गोष्ट टिकली. सीबीडीच्या वाटेचं झाड डोंगरावर नेलं म्हणून टीएचसीचं होत नाही. १९८७च्या प्रयोगात धाग्याचा वाण हलला नाही, त्याचं कारण हेच.

‘एकच माती, वेगळी बियाणी’ हा प्रयोगही झालाय. मिसिसिपी विद्यापीठात सरकारी परवान्याने देशोदेशीचं बी एकाच शेतात लावलं. १९७१ सालच्या त्यांच्या अहवालात निष्कर्ष असा की नशेच्या वाणाचं बी तिथेही नशेचं झाड देतं आणि धाग्याचं बी धाग्याचं. ते गाव काही हिमालयात नाही, आपल्या जळगावइतकंच सखल. मग १९७३ साली स्मॉल आणि बेकस्टेड यांनी ३५० ठिकाणचं बी कॅनडातल्या ओटावाला एकत्र वाढवलं. जास्त टीएचसीची झाडं प्रामुख्याने ३० अंश अक्षांशाच्या दक्षिणेकडून आलेल्या बियांची निघाली. ऊन सगळ्यांना ओटावाचं, स्वभाव मात्र ज्याच्या त्याच्या गावचा.

---

आडवाट_सातपुडा

मग ताई, दक्षिणेकडच्या बियांमध्येच तो स्वभाव का आला? दक्षिणेला अतिनील जास्त. म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलो की!

---

कुपीतली_मात्रा

उत्तम प्रश्न, आणि यात दोन प्रश्न गुंतलेत. एका झाडाच्या चार-सहा महिन्यांच्या आयुष्यात ऊन त्याला कडक करतं का, हा एक. हजारो पिढ्यांत उन्हाने टीएचसीवाली झाडं जगवली आणि बाकीची मारली का, हा दुसरा. पेट नावाच्या संशोधकाने १९८३ साली हाच दुसरा प्रश्न मांडला होता, की अतिनीलच्या दाबाखाली टीएचसीचा वाण निवडला गेला असेल. ती कल्पना सुंदर आहे आणि ती जिवंत आहे. पण तिला एक तुल्यबळ स्पर्धक आहे, तो म्हणजे माणूस. थंड देशात लोकांना दोर आणि कापड हवं होतं, इकडे राळ हवी होती. ज्याने त्याने आपल्या कामाचं बी राखलं. दोन्ही कारणं नकाशावर एकाच दिशेने बोट दाखवतात, म्हणून नुसता नकाशा बघून निकाल लावता येत नाही.

आणि ‘कडक’ हा प्रश्न विचारणाऱ्या पोराला यातलं पहिलंच लागू. त्याला उत्तर द्या की बी कोणतं ते महत्त्वाचं, टेकडी नाही.

---

बापू_अमळनेर

मन्हा बाप सांगे, जसं बी तसं झाड, डोंगर काय करी? आज ताईंनी तेच भिंग लावून सांगितलं.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. इंग्रज सरकारने १८९३-९४ साली हेम्प ड्रग्ज कमिशन बसवलं होतं. त्या काळी मध्य प्रांतात गांजाची परवान्याची लागवड होती ती खांडव्याला, आपल्या बऱ्हाणपूरच्या पलीकडे, निमाडच्या मैदानात. डोंगरमाथ्यावर नाही. बंगालमध्ये ती राजशाहीकडे नौगावला, तिथे तर जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेमच वर आहे. तिथला माल देशभर जायचा. उंचीने पावर येत असती तर सरकारने परवाने सपाटीला कशाला दिले असते?

---

शहाद्याचे_मास्तर

बापू, हे मला सुचलंच नव्हतं. वर्गात सांगतो.

---

अक्राणीचा_पावरा

इतका वेळ वाचत होतो. आता लिहितो, कारण धाग्याच्या नावातच आमचं गाव आहे.

‘तोरणमाळचा माल’, ‘सातपुड्याचा माल’ हे शब्द तुम्ही खाली सहज बोलता. मी नाशिकला शिकायला होतो तेव्हा खोलीवर पहिल्या दिवशी मला विचारलं गेलं, “तुमच्याकडे तर गांजा पिकतो ना?” माझ्या बापाने आयुष्यभर ज्वारी, मका आणि तूर पिकवली. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेला हजारो लोक वर येतात, त्यातले काही मला थांबवून तेच विचारतात. आम्ही नंदुरबारला पोरीचं लग्न जमवायला गेलो तरी तेच.

शिरपूरकडच्या वनजमिनीवर कापूस-तुरीच्या आडोशाला लावलेली झाडं पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या येतात. त्या खोट्या नाहीत. पण डोंगर का निवडतात ते विचारा. वर अतिनील जास्त म्हणून? वर रस्ता नाही म्हणून. गाडी येताना अर्धा तास आधी कळतं म्हणून. आणि पट्टा नसलेल्या जमिनीवर कुणाचं नाव लागत नाही म्हणून. मी पाहिलंय त्यात बी बाहेरून येतं, पैसा बाहेरून येतो, तुरुंगात जातो तो राखणीला बसवलेला आमचा माणूस.

---

शहाद्याचे_मास्तर

दादा, माफ करा. नाव देताना मी मुलाचा प्रश्न जसाच्या तसा ठेवला, त्याचा तुम्हाला काय अर्थ लागेल हे डोक्यात आलं नाही. आणि झाड वर का लावतात याचं उत्तर तुम्ही दिलंत, ते या अख्ख्या धाग्यातलं सगळ्यात मोठं कारण आहे. शीर्षक बदलायची विनंती व्यवस्थापकांना करतो.

---

अक्राणीचा_पावरा

शीर्षक राहू द्या मास्तर. तोरणमाळ शोधणाऱ्याला हा धागा सापडला तर बरंच.

---

दिवेलागण

माझ्या धाकट्या भावाला हाच ‘उंचावरचा’ शब्द सांगून विकलं होतं. महाग म्हणजे चांगलं, डोंगरावरचं म्हणजे शुद्ध, असं त्याला वाटायचं. एकोणीस वर्षांचा होता. सहा महिन्यांनी तो रात्रभर दाराला कान लावून बसायला लागला, बाहेर कुणी उभं आहे म्हणून. आईने दारावरचा पडदा काढून टाकला तरी तो बसायचा. आता उपचार चालू आहेत, बरा आहे, गोळ्या चालू आहेत. आमच्या घरात आजोबांपासून थोडा तसा त्रास होता, ते डॉक्टरांनी विचारलं तेव्हा पुढे आलं. लहान वय, घरात मनाच्या आजाराचा इतिहास आणि जास्त टीएचसी, हे तीन एकत्र आले की धोका वाढतो असं त्यांनी समजावलं.

म्हणून मास्तर, त्या मुलाला हिशेब नक्की सांगा, पण तो का विचारत होता तेही विचारा. तो हसला नाही, हे तुम्हीच लिहिलंय.

---

शहाद्याचे_मास्तर

ताई, सोमवारी त्याला भेटतो. वर्गात नाही, एकट्याला.

---

तापीकाठ

एक शंका. मग लोकांना फरक जाणवतो तो का? दोन ठिकाणचा माल वेगळा लागतो असं म्हणणारे सगळे खोटं बोलत नसतील.

---

कुपीतली_मात्रा

नसतीलच. बी वेगळं असतं, हे झालं. दुसरं वय. उजेड, उष्णता आणि हवा लागली की टीएचसी हळूहळू मोडून सीबीएन होतो, आणि तो बराच सौम्य. आडवाट दादांनी सांगितलेल्या पामीरच्या काजळीत सापडलं ते हेच सीबीएन. म्हणजे बघा, झाड जिवंत असताना ज्या उन्हाला आपण ‘कडक’ करण्याचं श्रेय देतोय, तेच ऊन तोडल्यानंतर त्याला निकामी करतं. आमच्या जळगाव-धुळ्याच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली पोत्यात पडलेल्या मालाचं काय होत असेल याचा अंदाज करा.

---

केळीची_लेक

अवांतर, पण राहवत नाही. आपल्या अंबाडीच्या एका जातीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस आहे, पान भांगेसारखं बोटं फुटलेलं म्हणून. इंग्रजांनी तिला दख्खनचा ताग म्हटलं. नशेशी तिचा काडीचा संबंध नाही. परवा आमच्या बांधावरची अंबाडी बघून एका पाहुण्याने फोटो काढून मला ‘हे काय लावलंय’ म्हणून पाठवला. मी त्याला कण्या घातलेली भाजी आणि कळण्याची भाकरी वाढली.

---

आडवाट_सातपुडा

मास्तर, मी निम्मा पटलोय. तोरणमाळपुरतं मान्य. तीन हजार मीटरवर काय होतं ते मात्र नीट बघितल्याशिवाय मी सोडणार नाही. उंचीचा परिणाम स्वच्छ वेगळा कसा काढायचा, ते सांगा.

---

शहाद्याचे_मास्तर

तुमचा आग्रह योग्य आहे. पद्धत जुनी आहे. कॅलिफोर्नियात क्लॉसेन, केक आणि हिसे यांनी १९३०-४० च्या दशकांत एकाच रोपाचे तुकडे करून समुद्राजवळ, मधल्या उंचीवर आणि ३००० मीटरवर लावले होते. एकच रोप, तीन जागा. जो फरक दिसेल तो जागेचा. आणि अर्जेंटिनात मेंडोझाला १५०० मीटरवर माल्बेक द्राक्षांवर केळीची लेक सांगते तसे दोन कागद ताणून पाहिलं, एक अतिनील अडवणारा, एक जाऊ देणारा. उंची तीच, थंडी तीच, फरक फक्त किरणांचा. तिथे किरण मिळालेल्या द्राक्षांच्या सालीत रंगद्रव्यं वाढली. म्हणजे अतिनील काही झाडांत काम करतं, हे पक्कं. गोड तुळशीतही अतिनील-ब दिल्यावर सुगंधी तेल वाढल्याचं १९९९ साली छापून आलंय.

भांगेवर आपण काही करू शकत नाही, करायचंही नाही. तुळस मात्र आपल्या अंगणात आहे. माझं असं ठरतंय: जूनमध्ये आमच्या घरच्या एकाच कृष्णतुळशीच्या चाळीस फांद्या कलमाला लावायच्या. वीस कुंड्या शहाद्यात, वीस तोरणमाळला. दोन्हीकडे निम्म्या अडवणाऱ्या कागदाखाली, निम्म्या साध्या कागदाखाली. माती एकाच ढिगातली. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हाचा महिना मिळाला की पानं तोडायची आणि कॉलेजच्या क्लेव्हेंजरमध्ये (पानं उकळून सुगंधी तेल वेगळं करणारं काचेचं उपकरण) तेल काढून मोजायचं. त्या मुलालाच नोंदवही द्यायची आहे.

---

केळीची_लेक

दोन्ही प्रकारचा कागद मी देते. उरलेले तुकडे पुरतील. एकाच जाडीचे घ्या, नाहीतर उजेडाचा फरक पडेल.

---

अक्राणीचा_पावरा

तोरणमाळच्या कुंड्या आमच्या अंगणात ठेवा. आईला सांगितलं, ती पाणी घालेल. शेळ्या आहेत, तर कुंड्यांभोवती काट्या लावाव्या लागतील, त्या मी आणून ठेवतो. येताना पत्ता विचारू नका कुणाला, मी सीताखाईच्या फाट्यावर घ्यायला येतो.